खंय उभे आसात, ता आधी सांगा

जगातल्या कुठल्याही प्रश्नाला माझ्या धाकट्या दिरांचं एकच उत्तर असतं, आणि ते उत्तर म्हणजे उलट प्रश्न: "तुमी खंय उभे आसात, ता आधी सांगा." एसटी स्टँड विचारा, कोकमाची बरणी विचारा, मुलाला सायन्सला घालू की कॉमर्सला हे विचारा, भावजी आधी तुम्हाला पायाखालची जमीन बघायला लावणार. फोन उचलला की लोक हॅलो म्हणतात, भावजी "खंयसून?", म्हणजे कुठून, असं म्हणतात. पलीकडचा माणूस क्रेडिट कार्ड गळ्यात मारायला टपलेला असला तरी तो गोंधळतो आणि शहराचं नाव सांगून मोकळा होतो. मग भावजी त्याला तिथून समुद्र किती लांब, भात कसलं खाता, घरी कोण कोण, असं सगळं इतक्या आपुलकीनं विचारत बसतात की शेवटी तो बिचाराच काहीतरी निमित्त काढून फोन ठेवतो. आमच्या घरी कार्ड विकायला हल्ली कोणी फोन करत नाही.

मी सांगलीची, आणि इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवते. आचऱ्यात सून म्हणून आले तेव्हा मला वाटायचं, दिशांच्या बाबतीत तरी मला कोणी शिकवू शकणार नाही. तिसऱ्या दिवशीच माझा तो गर्व उतरला. सगळी पाहुणेमंडळी जेवायला बसलेली, आमटीत मीठ कमी, आणि मिठाचा डबा कुठे ते मला ठाऊक नाही. दारात भावजी उभे होते, म्हणून त्यांना विचारलं. "तुमी खंय उभे आसात?" मी म्हटलं, स्वयंपाकघरात. "तसा नाय. तोंड खंय?" चुलीकडे. "मगे जरा वयर सरका." मी नवी नवरी, आज्ञाधारक. स्टूल ओढलं आणि शालू सावरत वरच्या फळीपर्यंत चढले. तिथे पितळेचे हंडे आणि एक झोपलेलं मांजर होतं. सगळी पंगत वळून बघायला लागली. मीठ होतं माझ्या डाव्या हाताला, खाली कट्ट्यावर. मग समजलं की इकडे 'वर' म्हणजे डोंगराकडे आणि 'खाली' म्हणजे समुद्राकडे, मग तुम्ही घरात असा, शेतात असा नाहीतर ताटावर बसलेले असा. "वयनी, दिशा दोनच," भावजी मला खाली उतरायला हात देत म्हणाले, "बाकीच्यो सरकारान काढल्यो." मी वर्गात अष्टदिशांचा धडा घ्यायला उभी राहिले की आजही मला ते वाक्य आठवतं आणि फळ्याकडे तोंड करून हसावं लागतं.

बरं, खुणा तरी असलेल्या वस्तूंच्या सांगाव्यात! त्या भावजी सांगतात गेलेल्या वस्तूंच्या. "वीज पडान जळललो माड होतो बघा, थंयसून खाली." तो माड पडून, त्याच्या फळ्या होऊन, त्या फळ्यांची गोठ्याला दारं होऊन ती दारंही मोडली, पण भावजींच्या नकाशात माड अजून उभा आहे आणि जळतोही आहे. तोंडवलीच्या किनाऱ्याला निघालेलं एक कुटुंब त्यांनी असंच गेलेल्या माडावरून आणि बुजवलेल्या विहिरीवरून धाडलं. ते लोक एका बारशाच्या मांडवात पोचले, पोटभर जेवले, बाळाच्या हातात ओवाळणी ठेवली आणि संध्याकाळी परत जाताना भावजींना शोधून त्यांचे आभार मानून गेले. यातून भावजींनी काही धडा घ्यावा, तर त्यांचं मत असं पडलं की आपला पत्ता बरोबरच होता.

पण एक विद्या त्यांच्याकडे आहे, ती मान्य करायला हवी. हरवलेली वस्तू भावजी शोधत नाहीत, ती ठेवणाऱ्या माणसाला शोधतात. सासूबाईंचा अडकित्ता हरवला की सगळं घर उलथंपालथं करणारी मी. भावजी मात्र आईला हाताला धरून विहिरीपाशी नेऊन उभी करतात. "हंय उभी होतंस तू. मगे कोणी हाक मारली?" काजू विकणारी आली होती. "मगे चल, तशीच चल." आणि सासूबाई, एवढी वयस्क बाई, हसत हसत सकाळचीच चाल पुन्हा चालतात आणि अडकित्ता तुळशीच्या कट्ट्यावर सापडतो. वाडीतल्या बायका दागिन्यापासून कोंबडीपर्यंत काहीही हरवलं की भावजींना बोलावतात. कोंबडीला मात्र तिची चाल पुन्हा चालायला लावणं त्यांना अजून जमलेलं नाही. आणि स्वतःची वस्तू हरवली की ही विद्या त्यांना चुकूनही सुचत नाही. चष्मा कपाळावर आणि भावजी माजघरात ओणवे.

असा हा माणूस पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवतो, हे ऐकून तुम्हाला धसका बसेल. मलाही बसला होता. तोंडवलीच्या एका गृहस्थांच्या होमस्टेची साइट त्यांनी पहिल्यांदा केली तेव्हा खोल्यांचे, झोपाळ्याचे, सोलकढीच्या वाटीचे असे देखणे फोटो आमच्या कॉम्प्युटरवर झळकत होते की मलाच तिथे जाऊन राहावंसं वाटलं. त्या गृहस्थांनी घरी जाऊन मोबाइलवर उघडलं तर फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. "माझ्याकडे दिसता मरे!" भावजी म्हणाले. दिसणारच, कारण फोटो कुठे आहेत याचा पत्ता त्यांनी आपल्या कॉम्प्युटरच्या पोटातला दिला होता, आणि पोट तर आमच्या घरी. ते होमस्टेवाले इतके सरळ की दुसऱ्या दिवशी खोल्या बघायच्या म्हणणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना गाडीत घालून ते आमच्या पडवीत घेऊन आले. पाहुण्यांनी फोटो बघितले, चहा घेतला आणि खोली इथेच मिळेल का म्हणून विचारलं.

त्यातून हात बसल्यावर भावजींनी गावाची साइट केली. मुंबईला, गोव्याला पांगलेल्या आचरेकरांनी आपापल्याकडचे जुने फोटो, जत्रेची गाणी, म्हाताऱ्यांचे आवाज त्यात आणून ठेवायचे, अशी कल्पना. बाकीचे लोक अशा साइटसाठी लांब कुठेतरी भाड्यानं जागा घेतात. "दुसऱ्याच्या घरात आपला सामान कित्याक ठेवूचा?" म्हणत भावजींनी एक जुना कॉम्प्युटर तांदळाच्या कणगीवर मांडला आणि त्यालाच सर्व्हर केलं. सासूबाई तांदूळ काढताना त्याला आधी हळूच हात लावून बघतात, तापलाय का म्हणून. त्या साइटवर पुष्कळ काही जमलं, पण आमच्या घरापुरतं म्हणाल तर त्यात एकच गोष्ट होती: सासऱ्यांचं गाऱ्हाणं.

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकानं देवाला मोठ्यानं घातलेलं साकडं. एकानं म्हणायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून मान डोलवायची. आमच्या गावात ते काम सासऱ्यांचं. एरवी दहा वेळा विचारल्यावर एक शब्द बोलणारा माणूस, पण देवळात उभा राहिला की आवाज असा घुमायचा की बाहेर चपला सांभाळणाराही हात जोडायचा. त्यांच्या शेवटच्या जत्रेत भावजींनी तो आवाज मोबाइलवर घेतला आणि साइटवर चढवला. पुढे होडीतून जाताना एका पर्यटकाला "थंय बघा, थंय" करून किनारा दाखवण्याच्या भरात त्याच हातातला मोबाइल त्यांनी खाडीला अर्पण केला. तरी भावजी खूश. "सगळा साइटीर आसा," म्हणाले. सासरे गेल्यापासून दिवेलागण झाली की सासूबाई पडवीत लसूण सोलत बसतात आणि मला म्हणतात, "तेंका लाव गो." मी लावते. त्या दोघांचं ते बोलणं होईपर्यंत घरात कोणी मोठ्यानं भांडंसुद्धा ठेवत नाही.

आता थोडं सर्व्हरच्या तब्येतीचं सांगायला हवं. आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते, मुक्काम किती ते तिलाच ठाऊक. ती गेली की साइट बंद, आणि आली की भावजी कणगीपाशी जाऊन, साइटच्या फोल्डरात शिरून, तिथूनच हातानं प्रोग्राम सुरू करायचे. 'तिथूनच' याला महत्त्व होतं. कारण फोटो कुठे, आवाज कुठे, हे प्रोग्रामला सांगताना या माणसानं आपल्या स्वभावाला धरूनच सांगितलं होतं: हंयसून खाली. 'आवाज' नावाचं फोल्डर, जिथे उभा आहेस तिथून एक पायरी खाली. आणि न सापडलं तर? तर बोंब मारू नकोस, नवीन बनव. पाहुण्याला पाट नसला तर गुपचूप आणून मांडावा, तसा हा शहाणपणा.

मग भावजींना दोडामार्गाच्या एका काजू कारखान्याचं काम मिळालं आणि ते चार दिवस तिकडे राहायला निघाले. मागे वीज गेली तर काय, म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं की वीज आली की तुझं तू प्रोग्राम सुरू कर. आणि अगदी भरवशानं गेले. दुसऱ्याच दुपारी वीज गेली, आली, कणगीवर दिवा लुकलुकला, साइट आपोआप सुरू झाली. मी कौतुकानं उघडून बघितली तर गावाचं नाव तेवढं वर, आणि खाली सगळ्या रिकाम्या चौकटी. मुंबईहून फोन यायला लागले. मी गाऱ्हाण्यावर बोट ठेवलं. काही नाही.

मी भावजींना फोन लावला. "खंयसून?" म्हणाले. घरातून, भावजी, कणगीसमोरून! मग त्यांनी मला फोल्डरांतून रस्ता सांगायला घेतला, आणि तो कसा असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. "आता एक वयर जावा. काय दिसता? ता नको. आणखी वयर." ते कारखान्याच्याच कामानं एसटीत होते, घाट लागला आणि आवाज तुटला. मी शहाणी, शेवटची सूचना 'वर' होती म्हणून वर वर जातच राहिले, अगदी जिथून पुढे वर जाताच येत नाही तिथपर्यंत. आणि तिथे खरोखरच 'आवाज' नावाचं फोल्डर होतं! मी आनंदानं उघडलं. आत काही नव्हतं. पुन्हा फोन लागल्यावर मी तेवढंच सांगितलं, फोल्डर मिळालं पण रिकामं आहे. "आयेक सांगलास?" त्यांनी विचारलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी मला कुठे उभ्या आहात हे न विचारता केलेला तो पहिला प्रश्न.

त्या दिवेलागणीला सासूबाई लसणाची परडी घेऊन बसल्या. "तेंका लाव गो." मी म्हटलं, आज नेट नाही. त्यांनी लसूण सोलला, टरफलं गोळा केली आणि मग म्हणाल्या, "तेंचो आवाज माका आठवता गो. पण आठवान आठवान बोलूक गेलंय की माझोच आवाज येता." मी आत निघून गेले. मला रडू आलं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं भावजी आले. चहा नाही, अंघोळ नाही, थेट कणगीसमोर स्टूल टाकून बसले. सबंध गावाच्या कोंबड्या शोधणारा माणूस, पण स्वतःचं हरवल्यावर त्याची ती विद्या नेहमीप्रमाणे गायब. मी दाखवलेलं रिकामं फोल्डर ते उघडत होते आणि मिटत होते. विजेच्या झटक्यानं डिस्क गेली असणार, आता हात लावला तर उरलंसुरलंही जाईल, असं काहीबाही पुटपुटत होते. सासूबाई तांदूळ काढायला आल्या तेव्हा त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "आये, बाबांचो आवाज गेलो."

सासूबाईंनी मापटं खाली ठेवलं. त्या ओरडतील किंवा मटकन खाली बसतील म्हणून मी पुढे झाले होते. पण त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रे, ठेवलंस तेवा तू खंय उभो होतंस?"

भावजींनी आईकडे बघितलं. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी प्रोग्रामात एक ओळ लिहून त्यालाच विचारलं, बाबा रे, तू आत्ता कुठे उभा आहेस? पडद्यावर उत्तर आलं. एक तिरकी रेघ, पुढे काही नाही. भावजी त्या रेघेकडे बघत राहिले आणि मग असे मोठ्यानं हसले की कणगीमागचं मांजर पळालं. "वयनी, सड्यार जावन उभो रवलो हा मेलो! आणि थंयसून खाली सोदता!" सडा म्हणजे आमच्या गावामागचं कातळाचं उंच पठार, जिथून वर आणखी काही नाही. एकूण झालं होतं ते इतकंच. हातानं सुरू केला की प्रोग्राम साइटच्या अंगणात उभा असायचा. वीज आल्यावर आपला आपण उठला तो थेट कॉम्प्युटरच्या डोक्यावर, म्हणजे त्या तिरक्या रेघेवर. तिथून एक पायरी खाली त्यानं 'आवाज' शोधलं, मिळालं नाही, म्हणून सांगितल्याप्रमाणे मुकाट्यानं नवीन बनवलं. मी वर वर चढत जाऊन नेमकं तेच उघडलं. जुनं फोल्डर बिचारं अंगणात जिथल्या तिथे होतं, आणि त्यात सगळं होतं.

भावजींनी सासऱ्यांचा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या धन्या, ह्या वाडयेच्या राखणदारा, ह्या घरच्या मूळपुरुसा..." कणगीवरून तो आवाज घरभर घुमला आणि सासूबाई मापट्याशेजारी तशाच उभ्या राहून "व्हय म्हाराजा" म्हणायला लागल्या. मी तर डोळे पुसत होते. पण भावजींनी मध्येच बोट वर केलं, मागे नेऊन पुन्हा सुरुवातीपासून लावलं, मग पुन्हा. "आयकलास, वयनी? बाबांनी एकदाव 'हंयसून' म्हटला नाय. आधी गाव, मगे वाडी, मगे घर, मगे माणूस. देवळात उभ्यान म्हण, मुंबैत म्हण, सड्यार चढान म्हण, पत्तो तोच!" त्याच बैठकीत त्यांनी प्रोग्राम बदलला. आता तो कुठूनही उठला तरी आधी आपलं स्वतःचं घर कुठे आहे ते विचारून घेतो, मग त्या घरापासून पायरी पायरी उतरत फोटोंपाशी आणि आवाजांपाशी जातो. आणि नाहीच मिळालं काही, तर आता सरळ बोंब मारतो. खात्री करायला म्हणून भावजी दिवसभर वायर काढत आणि घालत बसले. विजेनं जेवढं छळलं नव्हतं तेवढं त्या कॉम्प्युटरला त्यांनी छळलं, पण दर वेळी सासरे "बा देवा म्हाराजा" म्हणून हजर.

यंदाच्या जत्रेत गाऱ्हाणं कोणी घालायचं हा प्रश्न आला आणि गावकऱ्यांनी भावजींना पुढे ढकललं. मला मनातून धास्ती, की हे देवालाही आधी तू कुठे उभा आहेस असं विचारतील. तसं काही झालं नाही. गाव, वाडी, घर, माणूस, अगदी वडिलांच्या क्रमानं ते उतरत आले. आवाज त्यांच्यासारखा घुमत नव्हता, पण घसरलाही नाही. शेवटी आलं, "आणि जी मुंबैक आसत, गोंयात आसत, जी खंय आसतीत थंय..." आणि तिथे भावजी थांबले. पुढचं 'तेंका सांभाळ' त्यांच्या तोंडून निघेना. मग बायकांच्या बाजूनं सासूबाई एकट्याच, वाक्य पुरं व्हायच्या आधीच, "व्हय म्हाराजा" म्हणाल्या, आणि मागोमाग सगळं देऊळ म्हणालं.

परतताना ऊन उतरलं होतं. सासूबाई पुढे चालल्या होत्या, मागे मी आणि भावजी. भावजी हळूच म्हणाले, "वयनी, बाबा आता खंयसून आयकत असतीत?" मी भूगोलाची बाई. एकदा डोंगराकडे बघितलं, एकदा समुद्राकडे. सासूबाईंना ऐकू गेलं असावं. मागे न वळता त्या म्हणाल्या, "खंयसूनव आयकतत रे. चल बेगीन, दिवो लावूचो आसा."